एकोणपन्नास सेंटिमीटर

त्या रविवारी दुपारी सव्वादोन वाजता सुमेधा लिमये यांच्या रेडिओवर गाणं लागलं, आणि ते तिथे लागायला नको होतं.

सुमेधाबाई ठाकुर्ली पूर्वेला एका सात मजली इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर राहायच्या. डोंबिवलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर रेडिओ ऐकायचा शाळेपासूनचा नाद त्यांनी पुन्हा हाती घेतला. लॅपटॉपला रेडिओच्या लहरी पकडणारं बोटाएवढं डोंगल लावायचं, त्याला गच्चीवरची तार जोडायची आणि हेडफोन घालून बसायचं. लांबच्या देशांची केंद्रं, विमानांचं बोलणं, हौशी रेडिओवाल्यांच्या रविवारच्या गप्पा, सगळं त्या ऐकायच्या. स्वतः मात्र कधी बोलायच्या नाहीत. बोलायला परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि ती परीक्षा द्यायची राहूनच गेली होती.

गच्चीवरची तार बावीस मीटर लांब होती. पाण्याच्या टाकीपासून बी विंगच्या जिन्यावरच्या छपरापर्यंत ती दगडू केणेने मे महिन्यात ओढून दिली होती. दगडू चोळेगावचा, केबलच्या लायनीवर वीस वर्षं काम करणारा. टीव्हीची केबल कोणी घेईना, तसा आता तो इंटरनेटच्या वायरी ओढत होता. सुमेधाबाईंनी त्याच्याकडून तारेच्या मुळाशी एक बूस्टरही बसवून घेतला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, बूस्टर नको. तुमची गच्ची उंच हाय. इथं सिग्नल मुळातच मस्त येतो. जास्त झाला तर त्रास." सुमेधाबाईंनी ऐकलं नाही. बूस्टर लावला त्या आठवड्यात पॅसिफिकमधल्या एका बेटावरचं केंद्र पहिल्यांदा ऐकू आलं, आणि त्या दोन दिवस खुशीत होत्या.

तर सव्वादोनला, हौशी लोकांच्या पट्ट्यात, जिथे एकतर गप्पा असतात नाहीतर शांतता, तिथे एफएमवरचं हिंदी गाणं वाजत होतं. सुमेधाबाईंना नवल वाटलं नाही. आसपासची जोरदार केंद्रं रिसीव्हरला झेपली नाहीत की ती भलत्याच जागी उमटतात. अशा आवाजाला त्या भूत म्हणायच्या.

मग गाण्याच्या खाली काहीतरी खरखरलं. माणसाच्या आवाजासारखं. दोन-तीन सेकंदच. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज वाढवायची पट्टी वर सरकवली. त्याबरोबर गाणं दणदणीत झालं आणि खालचं सगळं बुडून गेलं.

"भूतच," त्या स्वतःशी म्हणाल्या, हेडफोन काढून ठेवले आणि आतल्या खोलीत जाऊन इस्त्री करायला लागल्या. नवऱ्याचे, आनंदरावांचे चार शर्ट, स्वतःच्या दोन साड्या, उशांचे अभ्रे. मध्ये वीज दहा मिनिटं गेली. परत येऊन त्यांनी लॅपटॉपपुढे खुर्ची ओढली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता गाण्याच्या जागी कुठल्याशा गादीची जाहिरात चालली होती. आणि जाहिरातीच्या दोन वाक्यांमध्ये, पाठीमागून, एका बाईमाणसाचा आवाज आला.

"...पाय... कोणी ऐकतंय का..."

सुमेधाबाई ताठ बसल्या. पुन्हा गादी. पुन्हा जाहिरातीतली बाई खदखदून हसली. त्या हसण्याखाली पुन्हा तोच आवाज, शब्द कळेना पण सूर कळत होता. तो सूर जाहिरातीतला नव्हता.

वर्गात त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं, साठ मुलं एकदम ओरडायला लागली तर मागच्या बाकावरची मुलगी हळू काय म्हणते ते कळायचं नाही, आणि बाईंनी कानाला कर्णा लावला तर आणखीच कळायचं नाही. आणि आज त्याच बाई बावीस मीटरची तार आणि वर बूस्टर लावून बसल्या होत्या.

त्यांनी आधी बूस्टरची पिन ओढली. जाहिरात एकदम लांब गेली, पण गेली नाही. मग त्यांनी गच्चीवरून आलेली केबलच डोंगलमधून उपटली. टेबलाच्या खणातून डोंगलबरोबर आलेली वीतभर ॲन्टेना काढली, ती खिडकीच्या ग्रिलला चिकटवली आणि जोडली. घाईत दोनदा आटे चुकले.

जाहिरात नाहीशी झाली. खरखर उरली. आणि त्या खरखरीत, बारीक पण स्वच्छ:

"...मी समीक्षा. आम्ही चंदेरीच्या रांगेत आहोत, दोघं जण. विनीत पडलाय, पायाचं हाड बाहेर आलंय. धुकं आहे, मोबाइलला रेंज नाही. कोणी ऐकत असाल तर उत्तर द्या. ओव्हर."

मग खरखर. ती उत्तराची वाट बघत होती.

"अहो!" सुमेधाबाई ओरडल्या. "अहो, इकडे या! कागद आणा!"

आनंदराव वामकुक्षीतून उठून तसेच आले. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, शांत, काटेकोर गृहस्थ. त्यांनी काही न विचारता कागद-पेन पुढे ठेवलं.

"कोणी ऐकत नाहीये वाटतं," समीक्षा म्हणाली. आवाज अजिबात रडका नव्हता, फार दमलेला होता. "बॅटरी एक काडी राहिलीय. मी सेट बंद करते. चार वाजता शेवटचं बोलेन. मग विनीतला इथे ठेवून उजव्या हाताच्या घळीतून, नाळेने खाली उतरते. खाली गाव असणार. चार वाजता. ओव्हर."

"ऐकतेय गं मी," सुमेधाबाई लॅपटॉपला म्हणाल्या. "ऐकतेय."

एव्हाना तीन पंचवीस झाले होते.

आनंदरावांनी एकशेबारा फिरवला आणि फोन सुमेधाबाईंच्या हातात दिला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, पत्ता विचारला.

"तुम्ही अडकला आहात का, मॅडम?"

"मी नाही. मी ठाकुर्लीत घरी आहे. डोंगरावर दोघं अडकलेत."

"ते तुमचे कोण?"

"कोणीच नाहीत."

"मग त्यांचा फोन आला तुम्हाला?"

"फोन नाही. रेडिओवर ऐकलं मी."

 सुमेधाबाईंना वाटलं, म्हातारीला भास झाला असं समजून ही फोन ठेवणार. त्यांनी एकेक शब्द सुटा करत, फळ्यावर लिहिल्यासारखं, सगळं पुन्हा सांगितलं. मुलगी शहाणी होती. तिने ते लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बदलापूरला डोंगरात मदतीला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यांना कळवते. ते तुम्हाला फोन करतील. नंबर मोकळा ठेवा."

नंबर मोकळा ठेवून सुमेधाबाईंनी आनंदरावांच्या फोनवरून त्यांच्या माहितीतल्या दोन परवानेवाल्यांना फोन लावले. एक मालवणला गेला होता. दुसऱ्याचा फोन बंद होता.

तीन एकोणचाळीसला फोन वाजला. संदेश नावाचा माणूस होता, बदलापूरचा. मागे मोटरसायकल सुरू होत असल्याचा आवाज.

"काकू, आम्ही आठ जण निघतोय. पायथ्यापासून वर पोचायला अडीच तास धरा. आता मला सांगा, ती नक्की काय म्हणाली? जसंच्या तसं."

सुमेधाबाईंनी कागदावरून वाचलं. उजव्या हाताच्या नाळेशी आल्या तसा संदेश म्हणाला, "थांबा. उजव्या हाताची? नक्की?"

"नक्की."

"काकू, त्या नाळेत अर्ध्यावर कडा तुटलाय. पन्नास-साठ फूट सरळ. वरून दिसत नाही, धुक्यात तर नाहीच, आणि सगळं शेवाळलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी तिथून एकाला आम्ही... तिला सांगा उतरू नको. जिथे आहे तिथेच बसायचं. त्याचा पाय हलवायचा नाही. शिट्टी असेल तर दर पाच मिनिटांनी वाजवायची."

"मी सांगू शकत नाही," सुमेधाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे बोलायचा सेटच नाही. मी फक्त ऐकते."

"आमच्याकडे आहेत, पण पायथ्याहून सिग्नल वर जाणार नाही, मध्ये डोंगराची सोंड आहे. तुमच्या बाजूला मात्र मध्ये काही नाही, म्हणून तर तुम्हाला ती ऐकू आली. काहीतरी करा, काकू. चार वाजायला अठरा मिनिटं आहेत."

फोन बंद झाला.

खिडकीतून आग्नेयेला मलंगगडाची रांग दिसते, तिच्यातच पुढे चंदेरी. त्या दिवशी तिकडे नुसतं पांढरं होतं. सुमेधाबाई तिकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम दगडूचे वॉकी-टॉकी आठवले. एक माणूस गच्चीवर, एक खाली रस्त्यावर, असे वायर ओढताना तो ते वापरायचा. कुठल्याशा चिनी कंपनीचे, ऑनलाइन मागवलेले. सुमेधाबाईंनी त्यावरून त्याला चांगलं झापलं होतं. परवान्याशिवाय हे वापरता येत नाहीत, दगडू. तो हसला होता.

त्यांनी त्याला फोन लावला. "दगडू, तुझे ते वॉकी-टॉकी आहेत का?"

"हायत की. पण बाई, तुम्हीच तं..."

"घेऊन ये. चार्ज असलेला. धावत ये. जीवाचा प्रश्न आहे."

त्याने एक शब्द जास्त विचारला नाही.

आनंदराव दारात उभे होते. "सुमेधा, आपल्याकडे परवाना नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

"तर सांगेन, मी बोलले म्हणून."

 आनंदराव गच्चीची किल्ली खुंटीवरून काढून पुढे निघाले. त्यांचा गुडघा दुखतो, तरी ते जिना चढताना कठड्याला हात लावत नव्हते.

दगडू तीन त्रेपन्नला आला, चप्पल एकच पायात. दुसरी जिन्यात कुठेतरी राहिली होती. कमरेला त्याची हत्यारांची पिशवी होती, रविवारीसुद्धा. गच्चीवर पोचेपर्यंत सुमेधाबाईंनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने सेट काढला. समीक्षा ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होती तिचा, सुमेधाबाईंनी हातावर पेनने लिहून आणलेला आकडा, एकशे पंचेचाळीस पॉइंट पाच, त्यात टाकला. लॅपटॉप खालीच राहिला होता. आता जे काही ऐकायचं ते या खेळण्याएवढ्या सेटवर.

तीन सत्तावन्न. तीन अठ्ठावन्न. टाकीतून पाणी भरल्याचा आवाज येत होता, दगडूने जाऊन पंप बंद केला.

चार वाजले. काही नाही. चार वाजून एक मिनिट.

"...समीक्षा बोलतेय. शेवटचं सांगते..." सेटमधून निम्मे शब्द खरखरीत जात होते.

सुमेधाबाईंनी बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. "समीक्षा, मी ऐकतेय! मी ठाकुर्लीहून बोलतेय. नाळेत उतरू नकोस. ऐकतेस का? उतरू नकोस!"

त्यांनी बटण सोडलं.

"...कोणीतरी आहे? कोणीतरी बोलतंय... काही कळत नाही. पुन्हा बोला."

त्या पुन्हा बोलल्या. तेच उत्तर. "आवाज फाटतोय. शब्द कळत नाही." आणि मग, "मी पाच मिनिटं सेट चालू ठेवते. नाही कळलं तर निघते. अंधाराआधी खाली पोचलं पाहिजे."

सुमेधाबाईंनी सेटच्या डोक्यावरच्या बोटभर रबरी शेंडीकडे बघितलं. "हिच्याने होणार नाही. ही गुंडाळलेली असते, निम्मी ताकद इथेच संपते. दगडू, नीट मापाची ॲन्टेना पाहिजे."

"किती मापाची?"

तीनशे भागिले एकशे पंचेचाळीस पॉइंट पाच. दोन मीटर सहा सेंटिमीटर, ही लहरीची लांबी. त्याचा पाव भाग, एक्कावन्न आणि थोडं. तांब्याच्या तारेसाठी पाच टक्के कमी. हे गणित त्यांनी कागदाशिवाय केलं, आणि ओठ हलताना आनंदरावांनी पाहिलं.

"एकोणपन्नास सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "एक वर उभा. तेवढेच चार खाली, छत्रीच्या काड्यांसारखे तिरपे."

"पाच तुकडे. तार कुठली घेऊ?"

त्यांनी डोक्यावरच्या तारेकडे बोट दाखवलं.

दगडूने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग पक्कड काढून टाकीपाशी तार तोडली. बावीस मीटर तार सळसळत गच्चीभर पडली. आनंदराव तिचं टोक धरून गुडघ्यावर बसले, सुमेधाबाईंनी टेपवर माप धरलं, दगडू तोडत गेला. एक. दोन. तिसऱ्याला पक्कड घसरली आणि त्याच्या अंगठ्यातून रक्त आलं, त्याने ते पँटला पुसलं. चार. पाच. केबलचा दोन हात तुकडा त्याच्या पिशवीत होताच. त्याची साल दातांनी काढून त्याने मधल्या तांब्याला उभी तार पिळली, बाहेरच्या जाळीला चार काड्या पिळल्या, वर काळी टेप. मग सेटची रबरी शेंडी फिरवून काढली आणि केबलचं दुसरं टोक त्या भोकात बसवलं. बसेना.

"याची पिन येगली हाय."

"मग?"

"मग काय, धरून ठेवतो." त्याने मधली तार भोकात खुपसली, जाळी बाहेरच्या आट्यांवर दाबली आणि दोन बोटांनी चिमटीत धरली. "आता हलायचा नाय मी. बोला, बाई."

आनंदरावांनी ती वेडीवाकडी छत्री कपडे वाळत घालायच्या काठीला टेपने गुंडाळली आणि टाकीच्या शिडीवर तीन पायऱ्या चढून काठी उंच धरली. चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"समीक्षा, ठाकुर्लीहून बोलतेय. आता ऐकू येतं का? ओव्हर."

खरखर.

"समीक्षा, ठाकुर्ली. नाळेत उतरू नकोस. ओव्हर."

खरखर. सुमेधाबाईंच्या डोळ्यांपुढे ती नाळ आली, कधी न पाहिलेली, शेवाळलेली. त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि या वेळी त्यांचा आवाज वर्गातला झाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "समीक्षा. खाली बस. आहेस तिथे खाली बस. मदत निघालीय. नाळेत कडा तुटलाय. उतरू नकोस. ओव्हर."

एक, दोन, तीन सेकंद.

"...ऐकलं. ऐकू आलं! कडा तुटलाय, उतरायचं नाही. बसले मी. बसले. कोण बोलतंय?"

"मी सुमेधा लिमये. मी शिक्षिका आहे." याहून वेगळं त्यांना काही सुचलं नाही.

"काकू, मी दोन पावलं खाली उतरले होते," समीक्षा म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला.

पुढचे अडीच तास ते तिघं गच्चीवरच होते. दर वीस मिनिटांनी एक मिनिट बोलायचं आणि सेट बंद, म्हणजे तिची काडी टिकेल, असं ठरलं. संदेश फोनवरून जे सांगायचा ते सुमेधाबाई तिला सांगायच्या. विनीतच्या पायाखाली सॅक ठेव. त्याला प्यायला एकेक घोट दे. त्याला झोपू देऊ नकोस. दगडूची बोटं बधिर झाली की आनंदराव चिमटी धरायचे आणि दगडू काठी. पाच चाळीसला समीक्षाने सांगितलं की विनीत नीट उत्तर देत नाहीये. सहाच्या वेळेला ती बोललीच नाही. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सहा वीसलाही काही नाही. बॅटरी संपली असेल, दगडू म्हणाला.

सहा एकेचाळीसला संदेशचा फोन आला. धापा टाकत होता. "शिट्टी ऐकू आली, काकू."

सात वाजता दुसरा फोन. दोघं सापडले, दोघं जिवंत.

दगडूने राहिलेली चप्पल शोधायला जिना उतरायला घेतला. सुमेधाबाई टाकीच्या आडोशाला, त्या तुटलेल्या तारेच्या वेटोळ्यात बसून राहिल्या. आनंदरावांनी खाली येण्याबद्दल दोनदा विचारलं.

"सव्वादोनला मी तिला ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "मी आवाज वाढवला आणि इस्त्री करायला गेले."

 आनंदरावांनी त्यांच्या शेजारी फरशीवर बसायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यामुळे ते जमलं नाही, म्हणून नुसते जवळ उभे राहिले.

विनीतला अंधारात दोरावरून उतरवायला मध्यरात्र उलटली. कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये त्याच्या पायावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, जखमेत विष भरलं होतं. पाय राहिला. घोटा पुन्हा पूर्ण वळेल की नाही ते डॉक्टर सांगेनात.

मंगळवारी पोलीस स्टेशनमधून एक हवालदार घरी आला, दगडूलाही त्याने बोलावून घेतलं. सेटवर कोण बोललं, असं त्याने विचारलं. सुमेधाबाई म्हणाल्या मी. सेट कोणाचा, असं विचारल्यावर दगडू म्हणाला, माझा. हवालदाराने दोन्ही लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि जाताना म्हणाला की साहेब बघतील, पण तुम्ही काळजी करू नका. काळजी दोघांनीही केली. पुढे काही आलं नाही.

सुमेधाबाईंनी संदेशला फोन करून विचारलं, "तासभर आधी निघाला असतात तर?"

"तर निदान अवघड टप्पा उजेडात उतरवला असता," तो म्हणाला. मग घाईने पुढे म्हणाला, "पण असतो-नसतो आम्ही मोजत नाही, काकू. मोजलं तर पुढच्या वेळी कोणी वर जाणार नाही."

शनिवारी त्या एकट्याच कल्याणला हॉस्पिटलमध्ये गेल्या. समीक्षा वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. चोवीस-पंचवीसची, बारीक, हातांवर खरचटल्याच्या खपल्या. ती विनीतच्या ऑफिसात होती. दोघं दर महिन्याला डोंगरात जायची, विनीतचा परवान्याचा सेट सॅकमध्ये घेऊन. आवाजावरून तिने सुमेधाबाईंना ओळखलं आणि उठून घट्ट मिठी मारली. सुमेधाबाईंनी तिला बाजूला करून बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"तुला एक सांगायचंय. तू पहिल्यांदा कधी बोललीस रेडिओवर?"

"दोनच्या सुमारास. तो पडला त्यानंतर लगेच."

"सव्वादोनला मला तुझा आवाज आला होता. शब्द कळले नाहीत. माझी तार लांब होती, वर बूस्टर होता, त्यामुळे तुझ्यावर गाणं चढलं होतं. मला ओळखायला हवं होतं. मी मुलांना हेच शिकवायचे. मी उठून गेले. परत सव्वातीननंतर बसले."

समीक्षाने त्यांच्या हातातून आपला हात काढून घेतला. मुद्दाम नाही, पण काढला.

"सव्वादोनला तो ओरडत होता," ती म्हणाली. "खूप ओरडत होता. तीन वाजेपर्यंत गप्प झाला. मला तेव्हा वाटलं की आता... मला काय बोलायचं ते कळत नाहीये, काकू."

"काही बोलू नकोस."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो."

ती उठून औषधाच्या दुकानाकडे गेली. सुमेधाबाई अर्धा तास बसल्या. ती परत आली नाही, कदाचित दुसऱ्या दाराने आत गेली असेल. मग त्या उठल्या, आणलेली मोसंबी नर्सच्या हवाली केली आणि घरी आल्या.

सहा आठवडे काही नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला, बेल वाजली. समीक्षा होती. पाठीला सॅक, हातात एक फाइल.

"विनीत कसा आहे?" सुमेधाबाईंनी दारातच विचारलं.

"कुबडीवर चालतो. चिडचिड करतो. फिजिओथेरपीला शिव्या घालतो." ती आत आली, पाणी प्यायली. "मी त्याला सांगितलं, तुम्ही जे सांगितलंत ते. तो दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, बाईंना म्हणावं परवाना घ्या. पुढच्या वेळी कोणाला तार चिमटीत धरून बसायला लागू नये."

"आणि तू?"

समीक्षाने फाइल उघडली. त्यात परीक्षेचे अर्ज होते. "मला अजून कधीकधी राग येतो," ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली. "इस्त्रीचा. म्हणजे तुम्ही इस्त्री करत होतात याचा. तो जाईल की नाही माहीत नाही. पण डोंगराच्या त्या धारेवरून फक्त तुमची गच्ची दिसते. मुंबई नाही, पनवेल नाही. आणि तिथे दर रविवारी माणसं जातात. मी तपासून आलेय, मागच्या रविवारी वर जाऊन. वर कोणी अडकलं तर ऐकणारं आणि बोलणारं माणूस इथेच पाहिजे."

"तू पुन्हा वर गेलीस?"

"गेले. नाळेच्या तोंडाशी संदेशदादांनी पाटी लावली."

सुमेधाबाईंनी चष्मा शोधला आणि अर्ज वाचायला घेतला. तेवढ्यात दगडू आला. समीक्षानेच त्याला फोन करून बोलावलं होतं. त्याच्यासाठीही एक अर्ज होता. त्याने तो दोन्ही बाजूंनी उलटापालटा करून बघितला.

"पेपर मराठीत असतो का?"

"इंग्रजीत," समीक्षा म्हणाली.

"मंग झालाच."

"मी शिकवीन," सुमेधाबाई म्हणाल्या. "मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सहा. उशीर चालणार नाही."

"बाई, मी दहावी नापास हाय."

"तू चार मिनिटांत ॲन्टेना केलीस. परीक्षेत एवढंच विचारतात, जरा लांबवून." त्यांनी पेन पुढे केलं. "नाव लिही. आधी आडनाव."

दगडूने पेन घेतलं. समीक्षा सॅक उघडून तिच्यातून चांगल्या केबलचं भेंडोळं, योग्य पिन आणि ॲल्युमिनियमच्या पाच कांड्या बाहेर काढत होती. गच्चीची किल्ली कुठे असते, असं तिने आनंदरावांना विचारलं, आणि ते बुटात पाय घालायला लागले.